कुत्र्याच्या तोंडातला पाव

कास्तेलमोरोची भट्टी ब्रिजिदाकडे होती, आणि गावात अशी एकही बाई उरली नव्हती जिच्यावर ब्रिजिदाने कधी ना कधी पीठचोरीचा आळ घेतला नव्हता. पाद्रीबाबांची मोलकरीणसुद्धा त्यातून सुटली नाही.

भट्टी गावाची, म्हणजे सगळ्यांची. बायकांनी घरी कणीक मळायची, गोळे फळीवर मांडून डोक्यावरून आणायचे आणि भाजलेले पाव परत न्यायचे. कुणाचा पाव कोणता हे कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कच्च्या गोळ्यावर दाभणाने भोकं पाडून ती उमटवायची. बाल्दो शेठच्या घरची शिडी, शेजारच्या पाचिफिकाचा क्रूस, ब्रिजिदाच्या स्वतःच्या घरची वर तीन भोकं आणि खाली एक. खूण नसलेला गोळा ती भट्टीत घालत नसे. बेवारशी पाव म्हणजे भांडणाचं मूळ, असं ती म्हणायची, आणि भांडणातलं तिला कळत होतं हे तिचा वैरीही कबूल करील.

जन्मापासून ती अशी नव्हती म्हणतात. तिच्या नवऱ्याला फ्रेंच फौजेने गाडी हाकायला नेलं होतं. नदीपर्यंत सोड आणि परत ये, एवढंच काम. तो गेला तो गेलाच. गाडी नाही, बैल नाहीत, नवरा नाही. मुलगा मारिओत्तो तेव्हा पाळण्यात होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ब्रिजिदा त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. मुलगा मोठा झाला, खेचरं हाकायला लागला, समुद्रकाठच्या बंदरातून मीठ आणि खारवलेले मासे आणायला लागला. तो निघाला की ती खूण केलेले पाव त्याच्या पिशवीत भरायची आणि दर वेळी तेच बजावायची.

"वाटेत कुणाच्या घरचा पाव खायचा नाही. खूण बघायची. आपली नसली तर तोंडाला लावायचा नाही. काय घालून देतील नेम नाही."

"आणि आपला संपला तर?"

"संपेल कसा? जास्तीचा दिलाय ना!"

मारिओत्तो हसायचा. त्याच्या हनुवटीवर लहानपणीचा एक व्रण होता, हसला की तो आडवा ताणला जायचा. पण सांगितलेलं तो पाळायचा. त्याचे सोबती त्याची टिंगल करायचे, की हा पावाला हात लावण्याआधी त्याची वंशावळ विचारतो.

त्या साली खालच्या किनाऱ्यावर महामारी येऊन गेली, आमच्या डोंगरावर काही ती चढली नाही. म्हणून संत रोकोच्या मंडळाने ठरवलं की चर्चमध्ये वेदीमागे मोठं चित्र करून घ्यायचं. मधे मारियामाता, एका बाजूला बाण लागलेला संत सेबास्तियान आणि दुसऱ्या बाजूला महामारीतून वाचवणारा संत रोको. चित्रकार आणला डोंगरापलीकडून, आन्सोविनो नावाचा. त्याच्या चित्राच्या फळीवर पांढरा लेप चढवायचा होता आणि तो सुकायला ऊब हवी होती. गावात ऊब कुठे? भट्टीच्या वरच्या खोलीत.

ब्रिजिदाला हे कुणी विचारलं नाही, सांगितलं. तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. माणूस डोंगरापलीकडचा. येताना कातड्याचे तुकडे घेऊन आला आणि ते तासन्‌तास उकळत बसला. लेपात घालायचा चिकट सरस करतोय, म्हणाला. वास असा की खालच्या कणकेला लागावा. खोलीला कडी आहे का, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कडी कशाला लागते चांगल्या माणसाला?" ती पाचिफिकाला म्हणाली.

"अगं, तुझ्या पिठाच्या पेटीला दोन कुलपं आहेत."

"मी कुठं म्हटलं मी चांगली आहे?"

काही दिवसांनी मंडळाची बैठक भरली. आन्सोविनोने आधी छोट्या कागदावर सगळं चित्र शाईने काढून आणलं होतं, मंडळाने पसंत करावं म्हणून. ब्रिजिदा जेवणाचे पाव घेऊन तिथे गेली होती. सगळे कागदावर वाकलेले पाहून तीही वाकली. संत रोको झगा वर करून मांडीवरची गाठ दाखवत उभा होता, आणि पायाशी कुत्रा. गोष्ट सगळ्यांना ठाऊकच होती. रोकोला महामारी झाली तेव्हा तो एकटा रानात जाऊन पडला आणि एक कुत्रा त्याला रोज तोंडात पाव धरून आणून देई. कागदावरच्या कुत्र्याच्या तोंडातही पाव होता.

"हा पाव कुणाचा?" ब्रिजिदाने विचारलं.

"कुत्र्याचा," बाल्दो शेठ म्हणाले. ते मंडळाचे प्रमुख, लोकरीचे व्यापारी.

"कुत्रा काय कणीक मळतो? याच्यावर खूण नाही. म्हणजे कुठल्या तरी भट्टीतून पळवलाय."

सगळे हसले. आन्सोविनो हसला नाही, तिच्याकडे नीट बघत राहिला, आणि ब्रिजिदाला तेही आवडलं नाही.

बाल्दो शेठची इच्छा होती की रोकोला आपल्या मुलाचा चेहरा द्यावा. आन्सोविनो म्हणाला, "शेठ, रोको उपाशी होता. तुमच्या चिरंजीवांना उपाशी दाखवायचं म्हणजे मला गालच काढून टाकावे लागतील." आणि मग त्याने रोको म्हणून उभं केलं ते मारिओत्तोला. नुकताच बंदरावरून आलेला, उन्हाने रापलेला, हातात खेचरांची काठी. तो आईच्या डोक्यावरच्याच खोलीत बिनघोर उभा राहिला, आणि आन्सोविनोने मोठ्या कागदावर त्याचं डोकं खरं होतं तेवढं उतरवून घेतलं. मारिओत्तो खाली आला तो खुशीत होता.

"आई, मी संत झालो."

"झालास म्हणजे? किती वेळ बघत होता तो तुझ्याकडे?"

"बघितल्याशिवाय काढणार कसा?"

"तुझ्या बापाकडेही असंच बघत होते ते फौजवाले. आधी बघतात, मग नेतात."

मारिओत्तो तिच्या पाठीवर थाप मारून खेचरं घेऊन बंदराकडे निघून गेला. वाटेच्या वळणावर त्याने काठी वर केली. ती हात पुसत बघत राहिली, आणि मग वर वाजणारी पावलं ऐकायला लागली. वर एक बारीक आवाज येत होता. टुचुक, टुचुक, टुचुक. थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी आन्सोविनो चर्चमध्ये वेदीचं माप घ्यायला गेला तशी ती वर गेली. हातात पाव घेतला होता, कुणी विचारलं तर सांगायला. खोलीत कोपऱ्यात फळी उभी होती, पांढरीशुभ्र. आणि मेजावर तिचा मुलगा होता. तेच कपाळ, तेच ओठ, आणि हनुवटीवरचा व्रणही. त्याच्या डाव्या डोळ्यात लाकडी मुठीची सुई रुतलेली होती.

तिने कागदाला हात लावला. बोटाला खरखर लागली. वाकून पाहिलं तर कागदभर भोकं होती, बारीक, एकापुढे एक. गालावर भोकं, ओठांवर भोकं, पापणीच्या कडेने भोकं. जिथे जिथे तिचा मुलगा होता तिथे तिथे सुई घुसली होती.

आता करणी कशी करतात हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं. माणसाचं रूप करायचं, मेणाचं करा नाहीतर कागदाचं, आणि त्यात सुया खुपसायच्या. त्यात सुई कुठे, तर डोळ्यात. ब्रिजिदा पाव तिथेच विसरून खाली आली, आणि कुणाशी काही बोलली नाही. तिला पुरावा हवा होता. संशयी माणसाची एक गंमत असते, संशय खरा ठरावा असं त्याला कुठेतरी वाटत असतं. यावेळी मात्र तिला तसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाला विनवत होती की मला खोटी ठरव.

चारसहा दिवसांनी मारिओत्तोचा सोबती चेक्को एकटाच डोंगर चढून आला. बंदरात पुन्हा ताप सुरू झालाय, म्हणाला. मारिओत्तोलाही तापाने धरलंय आणि गावाबाहेरच्या रोग्यांच्या कोठारात ठेवलंय. आत कुणाला सोडत नाहीत.

"काय होतंय त्याला?"

"अंग फणफणलंय, मावशी. खिडकीतून बोलला माझ्याशी. अंगभर सुया टोचल्यासारखं होतंय म्हणाला."

ब्रिजिदाने तोंडातून शब्द काढला नाही. करणीची वस्तू हाती लागली तर न बोलता जाळायची असते, राख वाहत्या पाण्यात सोडायची असते आणि त्या विस्तवावर दुसरं काही भाजायचं नसतं. मंडळाच्या लोकांबरोबर आन्सोविनो चर्चमध्ये गेला होता. ती वर चढली, सुई उपटून फेकली, कागदाची गुंडाळी केली आणि भट्टीच्या तोंडात सारली. कागद आधी उलगडला. मुलाचा चेहरा एकदा सरळ तिच्याकडे बघता झाला, मग कडेने तपकिरी होत गेला. ती शेवटपर्यंत उभी राहिली. मग तिने भट्टीतली सगळी राख ओढून काढली, ओढ्यात सोडली, भट्टी झाडली आणि नव्याने पेटवली. त्या दिवशी गावाला पाव संध्याकाळी मिळाला. बायका फळ्या डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या राहून ओरडत होत्या, आणि ब्रिजिदा ओठ मिटून त्यांच्या गोळ्यांच्या खुणा तपासत होती. तिला हलकं वाटत होतं. आता ताप उतरेल, तिला पक्की खात्री होती.

आन्सोविनोने कागद शोधला. खाली येऊन विचारलंही.

"रोकोच्या डोक्याचा कागद पाहिलात का बाई?"

"उंदीर फार झालेत."

"उंदीर सुई काढून ठेवतात?"

"डोंगरापलीकडचे उंदीर कसे असतात मला काय ठाऊक."

तो वर निघून गेला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, मंडळाकडे तक्रार नाही. ब्रिजिदाचं हलकं झालेलं मन पुन्हा जड झालं. एवढी मेहनत केलेली वस्तू गेली आणि माणूस ओरडत नाही, म्हणजे याच्याकडे आणखी एक आहे. कुठंतरी पाणी मुरतंय. ती वरची पावलं पुन्हा ऐकायला लागली.

चेक्को दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्यापुढे मारिओत्तोची खेचरं होती आणि खोगिरावर मारिओत्तोची टोपी. तो भट्टीच्या दाराशी थांबला, आत येईना. ब्रिजिदाला कळायचं ते कळलं.

"तोंड पाहिलंस का त्याचं?"

"नाही, मावशी. चुन्याच्या खड्ड्यात... सगळ्यांना एकत्रच. जवळ जाऊ देत नव्हते."

"खाल्लं होतं का त्याने काही?"

चेक्को टोपीशी चाळा करत राहिला. "देत होते. टोपलीतून आत पाव सोडायचे. नन पाठवायच्या, चांगला पांढरा पाव."

"मग?"

"तो उलटापालटा करून बघायचा, म्हणतात. आणि बाजूला ठेवायचा. ताप डोक्यात गेला होता, मावशी. खूण नाही, खूण नाही म्हणत होता."

ब्रिजिदा रडली नाही. तिने चेक्कोला वाटीभर चण्याची आमटी दिली आणि स्वतः पिठाच्या पेटीवर जाऊन बसली. गावातल्या बायका आल्या, बसल्या, गेल्या. पण बायका समजत होत्या तेवढंच तिचं दुःख नव्हतं. ती डोळे मिटून मुलाचा चेहरा आठवायला बघत होती आणि तिला तो आठवत नव्हता. त्याची पाठ आठवायची, वळणावर वर केलेली काठी आठवायची, टोपी तर समोरच होती. चेहऱ्याच्या जागी मात्र कडेने तपकिरी होत जाणारा कागद यायचा. आपल्या हाताने जाळलेला. ते तिला सहन होईना. आणि जे सहन होत नाही त्याचं ब्रिजिदा आयुष्यभर जे करत आली तेच तिने केलं. तिने चोर शोधला.

भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन ती जिना चढली. भर सकाळ होती, बायका फळ्या घेऊन जमल्या होत्या. पाचिफिका मागून धावली, तिच्यामागे बाकीच्या.

"दुसरा कुठाय?" ब्रिजिदा दारातूनच ओरडली. "एक मी जाळला. दुसरा काढ!"

आन्सोविनो मेजाशी होता. "तुम्ही जाळलात?"

"हो, मी! माझ्या पोराला टोचून टोचून मारलंस. एक जाळला तरी तो मेला, म्हणजे दुसरा आहे. काढ बाहेर!"

त्याने नकळत फळीमागे पाहिलं. बस, तेवढं तिला पुरे होतं. फावडं टाकून ती तिकडे गेली, फळीमागे हात घातला आणि एक मोठा कागद ओढून काढला. कागद कोरा होता. त्यावर ना रेघ, ना शाई. नुसती भोकं.

"बघा!" तिचा आवाज फाटला. "बघा गं! होता की नाही?"

बायकांनी छातीवर क्रूस केले. पाचिफिका, जी आजवर ब्रिजिदाच्या प्रत्येक संशयावर हसली होती, ती यावेळी हसली नाही. "बाल्दो शेठना बोलवा," ती म्हणाली. "बिशपच्या माणसालाही कळवायला हवं." बिशपचा माणूस आला की करणी करणाऱ्याचं पुढे काय होतं हे आन्सोविनोलाही माहीत होतं. त्याचा चेहरा त्या फळीसारखा पांढरा पडला.

"बाई, टोचताना खाली एक कोरा कागद ठेवतो आम्ही," तो म्हणाला. "वरची भोकं खालच्यात उतरतात. मग काम खालच्या कागदावर करायचं. वरचा चांगला राहावा म्हणून."

"कसलं काम?"

बोलून कुणाला पटणार होतं? त्याने तिच्या हातातला कागद हळूच सोडवून घेतला. तिने सोडला, पण नजर हलवली नाही. त्याने तो पांढऱ्या फळीवर टाचला आणि कापडाची एक पुरचुंडी घेतली, कुटलेल्या कोळशाने भरलेली. ती तो कागदावर आपटायला लागला. थप, थप, थप. काळी धूळ उडाली. कागद काळा झाला, त्याचे हात काळे झाले, पुढे उभ्या असलेल्या बायका खोकल्या. मग त्याने टाचण्या काढल्या आणि कागद वरून खाली सोलल्यासारखा अलगद उचलला.

फळीवर मारिओत्तो होता.

काळ्या बारीक ठिपक्यांचा. कपाळ, पापण्या, जरासे उघडे ओठ, आणि हनुवटीवर पाचसहा ठिपक्यांची आडवी रांग. सुई तिथेही गेली होती, तो व्रणसुद्धा सोडला नव्हता.

ब्रिजिदा इतकी जवळ गेली की आन्सोविनोने हात आडवा घातला.

"श्वास नका सोडू त्याच्यावर. अजून नुसती धूळ आहे. फुंकर लागली तर जाईल."

तिने कमरेच्या पिठाच्या फडक्याने नाकतोंड दाबून धरलं आणि तशीच बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले तशी ती दोन पावलं मागे सरली, रडणं त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

"शाईने पक्का कर," ती फडक्याआडून म्हणाली. "आत्ता. माझ्यादेखत. तू याला उद्या शेठच्या पोराचे गाल लावशील, माझा भरवसा नाही."

त्याने पाचिफिकाला खिडकी लावायला सांगितलं, बारीक कुंचला घेतला आणि ठिपक्यांवरून रेघ फिरवायला बसला. बाल्दो शेठ धापा टाकत वर आले, फळीकडे पाहिलं, टोपी काढली आणि भिंतीशी उभे राहिले. खाली भट्टीत पाव करपल्याचा वास यायला लागला. त्या दिवशी कुणी त्याबद्दल ब्रिजिदाला बोललं नाही, आणि बोललं असतं तरी ती हलली नसती.

शेवटची रेघ ओढून झाली तेव्हा तिने फडकं तोंडावरून काढलं. मेजावर आणखी एक कागद होता, न टोचलेला. त्यावर कुत्रा होता, आणि कुत्र्याच्या तोंडात तो पाव, गुळगुळीत, कोरा.

मग तिने आन्सोविनोपुढे हात पसरला.

"सुई दे."

त्याने दिली. ती मेजावर वाकली. तिने पावावर सुई रोवली. वर तीन भोकं, खाली एक.

"असंच काढायचं," ती म्हणाली. "आता खाईल तो. घरचा आहे."